मिठाच्या बरणीतला पैसा

वहिनी, तेराव्याच्या दिवशी तुमच्या कपाटातलं सिलिका जेल बदललं. निळे दाणे गुलाबी झाले होते, म्हणजे पोटभर पाणी पिऊन बसले होते. साहजिक आहे. तुम्ही गेल्यावर भेटायला येणारा जो तो त्या कपाटाकडे बघत होता आणि तुमची मुग्धा उठून दार उघडून दाखवत होती. लोकांना नाणी बघायची नव्हती. इतकी वर्षं तुम्ही त्या पत्र्याच्या कपाटासमोर बसून करत काय होतात, ते बघायचं होतं. आत नुसते ट्रे, दाण्यांची पाकिटं आणि आर्द्रता दाखवणारं एक छोटं यंत्र दिसलं की ते निमूट चहा प्यायला परत बसायचे.

पेपरात तुमच्यावर छापून आलेल्या चार ओळी वाचल्या. जन्म, शिक्षण, टेलिफोन खात्यातली नोकरी, मागे मुलगा, मुलगी, नातवंडं. शेवटी 'प्रेमळ व मनमिळाऊ स्वभावाच्या'. त्या ओळीपाशी मुग्धाने आणि मी एकमेकांकडे पाहिलं. प्रेमळ होतात, त्याबद्दल वाद नाही. मनमिळाऊपणाचं म्हणाल तर आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेल्या तुम्ही स्वतःचा फोन मात्र तीन शब्दांत संपवायचात. 'बोला', 'बरं', 'ठेवते'. समोरच्याचं वाक्य पुरं होवो न होवो.

म्हणून हे लिहितो आहे. मी औषधांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत जन्म घालवला. नमुना कसा आला, काय केलं, काय दिसलं, एवढंच लिहायची सवय. दुसरी पद्धत मला जमत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

दादा गेला त्या वर्षीच्या पावसाळ्यात तुमचा फोन आला. "भाऊजी, येऊन जा. तुमच्या दादांच्या नाण्यांना काहीतरी झालंय." मला वाटलं चोरी झाली. माझ्या निजामपुऱ्याहून तुमच्या फतेगंजला यायला वेळ तो किती. मी स्कूटर काढली आणि आलो. जेवणाच्या टेबलावर दादाचा एक अल्बम उघडा पडला होता, प्लास्टिकच्या खिशांची जाड पानं असलेला. पानं एकमेकांना चिकटलेली. प्रत्येक खिशात नाणं आणि नाण्याभोवती हिरवट, चिकट ओघळ. तुम्ही एका नाण्यावरून बोट फिरवून ते माझ्या नाकापाशी धरलंत.

"वास घ्या."

नव्या रेनकोटाला येतो तसा आंबूस वास होता.

"हे प्लास्टिकचं काम आहे," मी म्हटलं. "मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट काहीतरी घातलेलं असतं. वर्षं गेली की ते पाझरतं, आणि त्याबरोबर थोडं आम्लही सुटतं. ते धातूला खातं."

"म्हणजे जपून ठेवायला आणलेल्या वस्तूनेच खाल्लं."

"तसंच."

"शोभतं तुमच्या दादांना," तुम्ही म्हणालात आणि हात धुवायला गेलात.

तुमचं आणि त्या नाण्यांचं कधी पटलं नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तुम्ही त्या पेटीला उघड उघड 'सवत' म्हणायचात. दादाचे रविवार तिच्याकडे, सणाची सुट्टी तिच्याकडे. कोणी म्हातारं माणूस जुनी नाणी मोडायला निघालंय असं कळलं की तो हातातला घास टाकून उठायचा. बडोदे संस्थानची नाणी हा त्याचा खास विषय. घोड्याचा खूर आणि तलवार असलेले तांब्याचे पैसे, बाबाशाही रुपये, असलं काय काय. जमवण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. ठेवण्यात मात्र तो बेफिकीर. चांदीचे रुपये मखमलीच्या डब्यात, वरून रबरबँड लावून. त्या रबराने प्रत्येक रुपयावर काळा पट्टा उमटवला होता. प्लायवुडच्या शोकेसमध्ये डांबरगोळ्या. आणि हे अल्बम.

म्हणून त्या दिवशी मी सरळ विचारलं, की आता विकायची का. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, की जणू मी भलत्याच नंबरवर फोन लावला होता.

"आधी धुवायची कशी ते सांगा."

मग आपण ती धुतली. मी ओळखीच्या दुकानातून शुद्ध ॲसिटोन आणलं. स्वयंपाकघरातला गॅस सिलेंडरपासून बंद करून, गॅलरीची दारं उघडून, तुमच्या कस्टर्डच्या काचेच्या वाट्यांमध्ये नाणी बुडवली. हिरवा चिकटा सुटून वाटीच्या तळाशी बसायचा. तुम्हाला हे इतकं आवडलं, की दुपारचं झोपणं सोडून तुम्ही वाट्यांपाशी बसून राहिलात. "घासायचं नाही," मी दर वेळी बजावत होतो. "पुसायचंसुद्धा नाही, नुसतं टेकवायचं." शेवटी तुम्ही म्हणालात, "मला काय मोलकरीण ठेवलीय का तुम्ही? एकदा सांगितलं ते कळलं."

त्यानंतर एक एक करून घरातल्या सगळ्या शत्रूंची ओळख झाली. प्लायवुड आणि त्याचा गोंद वाफ सोडतात, म्हणून पत्र्याचं कपाट आलं. मखमल गेली, डांबरगोळ्या गेल्या, रबरबँड तर घरातच ठेवायचं नाही असा हुकूम सुटला. मुग्धाच्या मुलीने वेणीला बांधलेलं रबरसुद्धा तिला दाराबाहेर काढायला लावलंत. आजी वेडी झाली, असं तिने तरसालीला आपल्या घरी जाऊन सांगितलं. अल्बमच्या जागी पॉलिएस्टरची कडक पाकिटं आली, ती मी मुंबईहून मागवली. आमच्या आईने दर लक्ष्मीपूजनाला चिंच आणि राखेने घासलेले चांदीचे रुपये डब्यात वेगळे होते. त्यांच्यावरचा राजाचा चेहरा गुळगुळीत होऊन गेला होता. ते तुम्ही उजेडात धरून बघितलेत. "सासूबाईंनी पूजा लक्ष्मीची केली आणि नाक राजाचं कापलं," म्हणालात. आईबद्दल तुम्ही काढलेला तो एकच वाकडा शब्द मला आठवतो, आणि तोही खरा होता.

एक नाणं मात्र बरं होईना. तांब्याचा पैसा, खूर आणि तलवारवाला. बाकीच्या नाण्यांवर प्लास्टिकचा चिकटा होता, तो ॲसिटोनने गेला. ह्याच्यावर फिक्या हिरव्या रंगाची भुकटी होती, टाल्कम पावडरीसारखी. ती काढली की चार दिवसांनी परत यायची, आणि दर वेळी खालचं तांबं थोडं अजून खोल गेलेलं असायचं. मला हे ओळखीचं होतं. क्षार आत शिरले, की दमट हवेत ते तांब्याला आतून खात राहतात. बाहेरून कितीही पुसा. पण एका संग्रहात, एका अल्बमात, एकाच नाण्यात इतके क्षार कुठून आले?

मी भिंगातून बघत म्हटलं, "वहिनी, हा पैसा दादाने कुठून आणला होता? समुद्रातून काढलेल्या नाण्यांचं असं होतं."

तुम्ही चहा गाळत होतात. गाळून झाल्यावर म्हणालात, "समुद्रातून नाही. मिठाच्या बरणीतून."

मला ती दुपार तशीच्या तशी आठवते, कारण तुम्ही एका दमात एवढं कधीच बोलला नव्हतात. गोष्ट खूप वर्षांपूर्वीची. निखिल तेव्हा कडेवर होता आणि मुग्धा चालती-बोलती. तुम्ही इंदूरला माहेरी गेला होतात आणि परत येत होतात. दादा स्टेशनवर येणार होता. तेव्हा काय, कळवायची सोय नाही. गाडी आली, लोक गेले, हमाल दोनदा विचारून गेले, आणि तुम्ही ट्रंकेवर बसून राहिलात. मुग्धाला भूक लागली. तुमच्या शिदोरीतलं शेवटचं थेपलं तिला देऊन झालं. उन्हं उतरली तेव्हा तुम्ही रिक्षा केली. घरी कुलूप. शेजारच्या बेननी मुलांना दूध दिलं. मग दादा आला, हातात हा पैसा, तोंड उजळलेलं, आणि दारातूनच म्हणाला, "बघ, खूर किती स्वच्छ उमटलाय."

"मला वाटलं आता त्यांना आठवेल," तुम्ही म्हणालात. "ट्रंक तिथेच होती, त्यांच्या पायाशी. ट्रंकेला वळसा घालून ते दिव्याखाली गेले."

दुसऱ्या दिवशी तो कचेरीत गेल्यावर तुम्ही तो पैसा खडेमिठाच्या बरणीत तळाशी खुपसून ठेवलात. अख्खा पावसाळा तो तिथे होता. दादाने घर पालथं घातलं. शर्टांचे खिसे, गाद्यांच्या खोळी, मोरीची जाळी. तुम्ही रोज त्याच बरणीतलं मीठ आमटीत घालून त्याला वाढत होतात. दसऱ्याच्या साफसफाईत बरणी रिकामी केली तेव्हा पैसा बाहेर आला. नळाखाली धरून तुम्ही तो त्याच्या टेबलाच्या खणात टाकलात.

"मग?"

"मग सापडला. त्यांनी भिंगातून बघितला. मी दारात उभी होते. बराच वेळ बघितलं त्यांनी. मग म्हणाले, 'सापडला.'"

"बस? विचारलं नाही काही?"

"नाही. पण त्यानंतर मी कुठूनही आले तरी गाडीच्या आधी येऊन उभे असायचे. एकदा तर गाडी रात्रभर लेट होती, तरी." तुम्ही माझ्या कपात साखर घातलीत, मी साखर घेत नाही हे विसरून. "त्यांना कळलं होतं, भाऊजी. मला कळलं होतं, की त्यांना कळलंय. दोघंही बोललो नाही. आता कोणाशी बोलणार."

मी तो गोड चहा प्यायलो आणि इलाज सांगितला.

इलाजावरून आपलं बिनसलं, ते शेवटपर्यंत. माझं म्हणणं साधं होतं. मीठ इतक्या वर्षांत इतकं खोल गेलंय, की वरचा सगळा थर रसायनाने काढून टाकायचा, लख्ख तांब्यापर्यंत जायचं, आणि मग त्यावर संरक्षक लेप द्यायचा. तुम्ही ऐकून घेतलंत.

"म्हणजे कातडी सोलायची."

"गंज म्हणजे कातडी नव्हे, वहिनी."

"तो रंग यायला किती वर्षं लागली असतील?"

"शंभराच्या वर."

"ती सोलल्यावर काय उरेल?"

"तांबं."

"तांबं भंगारवाल्याकडेही मिळतं. दुसरं काही असेल तर सांगा."

दुसरं होतं, पण त्याला धीर लागतो. डिस्टिल्ड पाण्यात नाणं ठेवायचं, पाणी बदलायचं, पुन्हा ठेवायचं. मीठ हळूहळू पाण्यात उतरतं. उतरलं का ते बघायला त्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकायचा. मीठ असेल तर पाणी दुधाळ होतं. मी ती बाटली तुम्हाला आणून दिली, हातावर सांडलं तर काळा डाग पडेल म्हणून बजावलं, आणि मनात म्हटलं, महिनाभरात कंटाळतील.

तुम्ही कंटाळला नाहीत. एक उन्हाळा गेला, पावसाळा गेला, दिवाळी झाली. मी आलो की तुम्ही वाटी पुढे करायचात, मी थेंब टाकायचो, आणि पाणी दुधाळ व्हायचं. एकदा मी चिडून म्हटलं, की हा निव्वळ हट्ट आहे, माझं ऐकलं असतंत तर नाणं केव्हाच सुरक्षित झालं असतं. तुम्ही म्हणालात, "सुरक्षित झालं असतं, पण हे नसतं राहिलं." त्यावर मी उठून घरी गेलो आणि बरेच आठवडे फिरकलो नाही. शेवटी तुमचाच फोन आला. "बोला" नाही, "कसे आहात" नाही. "पाणी साफ राहिलं," एवढंच, आणि ठेवला.

मी येऊन थेंब टाकला. पाणी साफ राहिलं. आपण दोघं ती वाटी बघत बसलो. तुमच्या बोटांवर सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग होते.

पुढच्या पावसाळ्यात तलवारीच्या मुठीपाशी भुकटीचा एक ठिपका परत आला. मी म्हटलं, "मी सांगितलं होतं." तुम्ही वाटीत पाणी ओतलंत. असं चालू राहिलं. रसायनशास्त्र आजही माझ्या बाजूने आहे, वहिनी. पैसा मात्र अजून आहे, खूर बऱ्यापैकी, तलवार अर्धी.

एकदा विचारलं होतं तुम्हाला, की आता नाणी आवडायला लागली का. तुम्ही म्हणालात, "नाही. पण ह्यांनी आणलं नि टाकलं. कोणीतरी नीट ठेवून दाखवायला नको?" कोणाला दाखवायचं होतं, ते मी विचारलं नाही.

तुम्ही ज्या दिवशी नाणेसंग्राहकांच्या मंडळात बोललात, तो मला आवर्जून लिहायचा आहे. दादाच्या जुन्या मंडळींनी बोलावलं होतं. त्यांना वाटलं होतं, मित्राची पत्नी आहे, दोन आठवणी सांगेल आणि नारळ-शाल घेऊन जाईल. सगळे पुरुष, बहुतेक पिकलेले. तुम्ही उभ्या राहिलात आणि आठवण एकही न सांगता अल्बमच्या प्लास्टिकपासून सुरुवात केलीत. अर्धं मराठीत, अर्धं गुजरातीत. पुढच्या रांगेतले एक शहाकाका हसून म्हणाले, "बेन, ए बधुं ठीक. पण सिक्को तो चमकवो जोईए ने?"

तुम्ही पर्समधून दोन पाकिटं काढलीत. एकात आईने चिंचेने घासलेला रुपया, दुसऱ्यात तसाच काळसर राहिलेला. दोन्ही त्यांच्या हातात दिलेत.

"आमां जूनो कयो?"

दोन्हींतला जुना म्हणून त्यांनी काळसर पुढे केला.

"मग काका, तुम्ही बाजारातून जुना शोधून आणता आणि घरी नेऊन नवा करता. एवढा खटाटोप कशाला? बँकेतून नवाच आणायचा."

सगळे हसले, शहाकाका सगळ्यांत जास्त. नंतर चहाच्या वेळी तेच तुमच्याजवळ येऊन हळूच विचारत होते, की घासून झालेल्यांचं आता काय करायचं. तुम्ही त्यांना खोटा दिलासा दिला नाहीत. "ते परत येत नाही. राहिलेले सांभाळा," म्हणालात. येताना रिक्षात तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात आणि मला वाटलं, तुम्ही खूश आहात. विचारलं असतं, तर नाही म्हणाला असतात.

मीही त्या दिवसांत खूश होतो, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं. कारखाना सुटल्यावर मला प्रश्न विचारणारं कोणी उरलं नव्हतं. घरात माझं काम भाजी आणणं आणि लाइटबिल भरणं. तुमचे फोन मात्र यायचे. "पितळेला वेगळं की तांब्यासारखंच?" "लोणच्याची बरणी त्या खोलीत चालेल का?" "एसी बंद केल्यावर काचेला पाणी सुटतं, ते नाण्यालाही सुटत असेल ना?" हा शेवटचा प्रश्न माझ्या हाताखालच्या मुलांनी कधी विचारला नसता. मी रात्री वाचून ठेवायचो आणि सकाळी तुम्हाला असं सांगायचो, की जणू पहिल्यापासून माहीत होतं. तुम्हाला ते कळत असणार. तुम्ही काही बोलला नाहीत. आमच्या घराण्यात येऊन तुम्ही ही न बोलायची विद्या शिकलात, की येतानाच घेऊन आला होतात, देव जाणे.

निखिल दोन वर्षांपूर्वी कॅनडाहून आला तेव्हा लिलावाचं बोलला होता. त्याचं काही चुकीचं नव्हतं. त्याला काळजी, की आई एकटी, घरात अशी वस्तू. तुम्ही पुऱ्या तळत होतात. झारा न थांबवता म्हणालात, "विकायची नाहीत. वाटायचीही नाहीत, तुमच्या घरी कोण दाणे बदलणार आहे? जिथे एसी बंद पडत नाही तिथे देऊन टाका. मी गेल्यावर." निखिलने माझ्याकडे बघितलं. मी पुरी खाल्ली.

मग तुमच्या हृदयाने हळूहळू काम कमी केलं. पायावर सूज, जिने बंद, मग दवाखाना. मी रोज दुपारी येत होतो. तुम्ही डॉक्टरांशी तशाच बोलत होतात, 'बरं', 'हो', 'कळलं'. एक दिवस मास्क बाजूला करून मला विचारलंत, "कपाटात किती?"

मी सकाळीच आर्द्रतेचं यंत्र बघून आलो होतो. "अडतीस टक्के."

"चाळीसच्या वर जाऊ देऊ नका. बाहेर पाऊस आहे."

"नाही जाऊ देत."

"आणि तो वेगळा ठेवा. त्याची भुकटी दुसऱ्यांवर पडायला नको."

"वेगळाच आहे, वहिनी. बाटलीत."

तुम्ही मास्क परत लावलात. हेच आपलं शेवटचं बोलणं. मुग्धाला नंतर वाईट वाटत होतं, की शेवटच्या घटकेला आई आमच्याबद्दल काही बोलली नाही, टक्केवारी बोलली. मी तिला म्हटलं, तुझ्या आईने आयुष्यात काळजी हा शब्द वापरलेला तू कधी ऐकलास का? ती काळजी अशीच आकड्यांत आणि हुकमांत करायची. मुग्धा म्हणाली, "माझ्या प्रत्येक परीक्षेच्या आधी फक्त पेनं किती घेतलीस, एवढं विचारायची." मग ती रडली, आणि त्या रडण्याने बरं वाटलं. मला अजून तसं रडू आलेलं नाही. येईल तेव्हा येईल.

तेराव्यानंतर निखिल, मुग्धा आणि मी बसलो. तुमचं म्हणणं सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे वाद झाला नाही. शहरात नाण्यांचा छोटा संग्रह सांभाळणारी एक संस्था आहे, तिथल्या बाई घरी येऊन बघून गेल्या. तिशीतल्या, केरळच्या, मराठी समजतं, बोलतात हिंदी. त्यांनी ट्रे एक एक करून बाहेर काढले आणि एकेक पाकीट उजेडात धरून बघितलं. मग म्हणाल्या, "खाजगी घरात असं ठेवलेलं मी बघितलेलं नाही. कोण बघायचं हे?" मुग्धाने भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडे बोट केलं. हार अजून ताजा होता. बाईंनी वळून फोटो नीट बघितला.

आजारी पैसा त्यांनी घेतला नाही. त्यांच्या ठिकाणी त्याच्यासाठी वेगळी जागा नाही. मुग्धाचं तरसालीचं घर तळमजल्यावर, ओल येते. निखिलने तो विमानातून न्यायला नकार दिला. तेव्हा तो आता माझ्याकडे आहे, निजामपुऱ्यात, बाटलीत. रसायनं माझ्याकडे आहेत. तासाभराचं काम. लख्ख करून लेप दिला, की पुन्हा बघायला नको, आणि आता मला अडवणारंही कोणी नाही. परवा मी सगळं टेबलावर मांडलंसुद्धा होतं. मग वाटीत डिस्टिल्ड पाणी ओतलं आणि पैसा त्यात सोडला. तुम्ही जिंकलात असं समजू नका. मला अजून वाटतं, की तुमचं चुकतं.

नाणी गेल्या सोमवारी संस्थेत गेली. आम्ही तिघं बरोबर होतो. काचेच्या पेट्या आहेत, हवा कोरडी राहते, वीज गेली तर आपोआप जनरेटर लागतो; निखिलने ते दोनदा विचारून घेतलं, अगदी तुमच्यासारखं. सगळं लावून झाल्यावर बाई एक कोरं कार्ड घेऊन आल्या. पेटीवर लावायचं होतं. देणगीदार म्हणून कोणाचं नाव लिहायचं? एकच ओळ मावेल, म्हणाल्या.

"बाबांचं," निखिल म्हणाला. "जमवली त्यांनी."

"आईचं," मुग्धा म्हणाली. "बाबांवर सोडलं असतं तर आज इथे भुकटी आणून दिली असती आपण."

मुग्धाचा चेहरा लाल. दोघं मला विचारतील आणि मला एकाची बाजू घ्यावी लागेल, म्हणून मी काचेतून रुपये बघत उभा राहिलो. माझ्या सख्ख्या भावाने जन्म घालवून जमवलेली ती नाणी. बाई पेन धरून थांबल्या होत्या.

मग निखिलने मुग्धाच्या हातातली पिशवी घेतली, आपल्या खांद्याला लावली आणि बाईंना म्हणाला, "आईचं लिहा. पूर्ण नाव लिहा. बाबा त्यात मधे आहेतच."

बाईंनी अक्षरं विचारत विचारत लिहिलं. कुंदा शरद, आणि पुढे आपलं आडनाव. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, बघा, इथेही मधे येऊन बसले. बसू द्या त्याला. पहिलं नाव तुमचं आहे.